शिआनला पहिल्यांदा चाललाय? तीन दिवसांचं प्लॅनिंग, आमच्या चुकांसकट

चीनला जायचं म्हटलं की लोक बीजिंग नाहीतर शांघाय म्हणतात, आम्ही शिआन म्हटलं तर अर्ध्या नातेवाइकांना वाटलं शियाचिन म्हणतोय. तर शिआन म्हणजे जुनं छांगआन, तेरा राजवंशांची राजधानी, सिल्क रूटचं चीनकडचं टोक, आणि ते मातीचे हजारो सैनिक जिथे सापडले ते शहर. मी, नवरा आणि सासूबाई (वय ६८, शुद्ध शाकाहारी, गुडघे बरे पण जिन्याला नाराज) असे तिघं एप्रिलमध्ये तीन दिवसांसाठी गेलो होतो आणि तेव्हापासून ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच असतं, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकते.

पहिली गोष्ट आधी सांगते कारण बाकी सगळं तिच्यावर अवलंबून आहे. शिआनमध्ये बघणं सोपं आहे, अवघड आहे ते दारापर्यंत पोचणं. म्हणजे रस्ता नाही हो, बुकिंग, पेमेंट, इंटरनेट हे. तिथे तिकीट पासपोर्ट नंबरवर निघतं, पैसे फोनवरून जातात, भाषा फोन बोलतो, आणि तुमचा फोन जर मुंबई एअरपोर्टवरच तयार नसेल तर तिथे उतरल्यावर तुम्ही आंधळे, मुके आणि कंगाल तिन्ही एकदम होता. हे काम घरी सोफ्यावर बसून दोन संध्याकाळी उरकतं. ते केलंत तर मग तिथे टाइमटेबल न बघता मोकळं हिंडता येतं.

घरी बसून करायची कामं

व्हिसा लागतोच. इंटरनेटवर "चीन व्हिसा फ्री", "२४० तास ट्रान्झिट फ्री" असले व्हिडिओ बघून हुरळून जाऊ नका, त्या देशांच्या यादीत भारत नाहीये. अमेरिकेचा किंवा ब्रिटनचा पासपोर्ट असलेले आपले भाचे-पुतणे बरोबर येणार असतील तर त्यांचं त्यांनी वेगळं बघावं. आपल्याला टुरिस्ट व्हिसा, फॉर्म लांबलचक आहे, आधीच्या नोकऱ्या, शिक्षण, घरचे लोक सगळं विचारतात, सासूबाईंच्या फॉर्ममध्ये नोकरीच्या रकान्यात काय लिहायचं यावर आमच्याकडे अर्धा तास चर्चा झाली. फी आणि कागदपत्रांची यादी बदलत असते तेव्हा व्हिसा सेंटरच्या साइटवर त्या आठवड्यात काय लिहिलंय तेच खरं माना, मैत्रिणीने मागच्या वर्षी काय दिलं ते नाही. पासपोर्ट सहा महिने तरी शिल्लक हवा आणि कोरी पानं हवीत. हॉटेल फ्री कॅन्सलेशनवालंच बुक करा.

विमान आम्ही बँकॉकमार्गे घेतलं. भारत-चीन थेट विमानं २०२० पासून बंद होती ती २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये परत सुरू झाली, पण ती ग्वांगझो, शांघायसारख्या मोठ्या शहरांना, तिथून पुढे शिआनला देशांतर्गत विमान किंवा ट्रेन. बीजिंग पण करणार असाल तर ट्रेनच घ्या, साधारण १२०० किलोमीटर अंतर साडेचार ते सहा तासात कापते, आणि खिडकीतून सपाट मैदान संपून पिवळ्या मातीचे डोंगर सुरू होतात ते बघण्यासारखं आहे. ट्रेनचं तिकीटही पासपोर्टवरच, कागदी तिकीट नसतं, पासपोर्ट दाखवायचा की आत.

इथेच तीन नावांचे घोळ सांगून ठेवते. शिआन स्टेशन वेगळं आणि शिआन नॉर्थ वेगळं, बुलेट ट्रेन बहुतेक नॉर्थला येतात, जुनं स्टेशन तटबंदीच्या अगदी शेजारी आहे. एअरपोर्टचं नाव शिआन श्येनयांग, कारण तो शेजारच्या श्येनयांग शहराच्या बाजूला आहे, शहरापासून बराच लांब, तेव्हा तास-सव्वा तास धरूनच चला. आणि प्रांताचं नाव शान्शी, पण शेजारच्या प्रांताचं नाव पण जवळपास शान्शीच आहे, इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. हॉटेल बुक करताना शहराचं नाव बघा, प्रांताचं नको.

आता फोन. गूगल, व्हॉट्सॲप, इन्स्टा, यूट्यूब, फेसबुक यातलं काहीही तिथल्या वायफायवर चालत नाही. हॉटेलचं वायफाय फुकट आहे म्हणून खुश होऊ नका. उपाय सोपा आहे, भारतातूनच इंटरनॅशनल रोमिंग पॅक किंवा ट्रॅव्हल ई-सिम घ्या, त्याचा डेटा चीनबाहेरून फिरून येतो म्हणून सगळं चालतं. आम्ही नवऱ्याच्या फोनवर पॅक घेतला आणि माझ्यावर नाही (काटकसर!), परिणाम असा की पहिल्या रात्री माझ्या आईला सांगलीला "पोचलो" एवढा मेसेज गेला नाही, आणि चीन आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, तिने रात्रभर वाट बघून सकाळी बाबांना उठवलं. प्रत्येक फोनवर पॅक घ्या, दोनशे-चारशे रुपये वाचवून आयांचं बीपी वाढवू नका.

पैशांसाठी अलीपे डाउनलोड करा, भारतीय नंबरवर उघडतं, पासपोर्टचा फोटो मागतं, मग त्यात आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडायचं. यूपीआय तिथे विसरा. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डाचं इंटरनॅशनल वापर चालू करणं हे शंभरातले नव्वद लोक विसरतात असं मला वाटतं, आम्ही पण विसरलो होतो, लाउंजमध्ये बसून केलं. एका वेळी २०० युआनच्या वर बिल गेलं तर अलीपे तीन टक्के जादा घेतं, तेव्हा शक्य तिथे बिल तोडून द्या. वीचॅट (त्यांचं व्हॉट्सॲप, त्यातूनही पैसे जातात) पण घेऊन ठेवा, पण त्याचं खातं उघडताना कधीकधी दुसऱ्या वीचॅटवाल्याने तुम्हाला व्हेरिफाय करावं लागतं, म्हणून आधी अलीपे. अलीपेच्या आतच मेट्रोचा क्यूआर, टॅक्सी बोलवायचं दीदी आणि ट्रान्सलेट असं सगळं आहे. आणि हो, चारपाचशे युआन रोख खिशात असू द्या, फोनची बॅटरी मेली की तेच.

नकाशासाठी गूगल मॅप्स तिथे भरवशाचा नाही, ठिपका रस्ता सोडून नदीत दिसतो. अमॅप घ्या, इंग्रजी चालतं त्यात. हॉटेलचं नाव आणि पत्ता चिनी अक्षरात स्क्रीनशॉट काढून ठेवा, टॅक्सीवाल्याला इंग्रजी पत्ता दाखवून काही उपयोग नाही.

पॉवरबँकचा नवीन नियम माहिती असू द्या. २८ जून २०२५ पासून चीनच्या देशांतर्गत विमानात थ्रीसी खूण (CCC, त्यांचा सुरक्षिततेचा शिक्का) छापलेली नसेल तर पॉवरबँक नेऊ देत नाहीत, काढून घेतात. आपल्याकडच्या बहुतेकांवर ती खूण नसते. तेव्हा पुढे चीनमधल्या चीनमध्ये विमान असेल तर जुनी स्वस्तातली न्या, सोडून द्यायला दुःख नको.

कधी जायचं

एप्रिल-मे किंवा सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर, पण ऑक्टोबरचा पहिला आठवडा अजिबात नाही. १ ऑक्टोबरला त्यांचा राष्ट्रीय दिन, आठवडाभर सुट्टी, अख्खा चीन फिरायला बाहेर पडतो आणि त्यातला बराचसा शिआनला येतो असं समजा. १ मे च्या आसपासही तेच. चिनी नववर्षाला पण टाळा, दुकानं बंद आणि ट्रेन फुल. उन्हाळा आपल्या विदर्भासारखा तापतो आणि थंडीत शून्याच्या खाली जातं.

राहायचं कुठे

तटबंदीच्या आत, बेल टॉवरच्या किंवा दक्षिण दरवाज्याच्या (योंगनिंगमन) जवळ. मेट्रोची लाइन २ दोन्ही ठिकाणांहून जाते आणि थेट नॉर्थ स्टेशनला पोचवते, रात्री चालत हिंडता येतं, आणि परत आल्यावर "आपण जुन्या शहरात आहोत" असं वाटतं. मोठ्या रानहंस पॅगोडाजवळ (जुना विटांचा बौद्ध मनोरा, तिसऱ्या दिवशी बघायचाय) नवीन चकाचक हॉटेलं आहेत ती पण चांगली, पण तिथे राहिलात तर तुम्ही मॉलमध्ये राहताय असं वाटेल. चेक-इनला प्रत्येकाचा पासपोर्ट स्कॅन करतात, फोटो पण काढतात, घाबरू नका, पोलिसात नोंदणी करणं हे हॉटेलचं कामच आहे. अगदी छोट्या होस्टेलवाल्यांना कधीकधी परदेशी पासपोर्ट कसा भरायचा तेच माहिती नसतं, म्हणून बुक करताना एक मेसेज टाकून विचारा.

पहिला दिवस: तटबंदी आणि मुस्लिम मोहल्ला

तटबंदीपासून सुरू करा असं माझं ठाम मत आहे, कारण वर चढलात की शहराचा आकार डोक्यात बसतो. मिंग काळातली, १३७० च्या दशकातली, जवळपास चौकोनी, एकूण १३.७ किलोमीटर, उंची १२ मीटर आणि वरची रुंदी १२ ते १४ मीटर, म्हणजे चार एसट्या शेजारी शेजारी जातील. ही मिंगांची भिंत, त्याआधीचं थांग राजवंशाच्या काळातलं छांगआन याच्या कितीतरी पट मोठं होतं, आत्ताचा तट मुळात त्यांच्या राजवाड्याच्या पुढच्या सरकारी कचेऱ्यांच्या आवारावर, ते थोडं वाढवून, उभा राहिला. हे कळल्यावर मी जरा गप्पच झाले.

दक्षिण दरवाज्यातून वर जा, सायकल भाड्याने मिळते, जोडसायकल पण मिळते. अख्खी फेरी दीड-दोन तास. विटांचा रस्ता आहे आणि विटा काही सारख्या नाहीत, त्यामुळे दुसऱ्या तासाला बूड बोलायला लागतं, पण करा. सासूबाई सायकलवर बसणार नव्हत्या, त्यांच्यासाठी वर बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या आहेत, त्या त्यात बसून आमच्या आधी पुढच्या दरवाज्याला पोचून हात हलवत होत्या. सकाळी लवकर जा नाहीतर संध्याकाळी, वर सावली अजिबात नाही.

खाली उतरलात की दक्षिण दरवाज्यापासून चालत पाच-दहा मिनिटांवर बेइलिन, म्हणजे शिलालेखांचं जंगल म्हणतात ते म्युझियम. यात हजारो कोरीव शिळा आहेत, आणि खरं सांगते चिनी वाचता येत नसेल तर एका तासाने सगळ्या सारख्या दिसतात. पण एक शिळा मुद्दाम शोधा, ७८१ सालची, जिच्यावर चीनमध्ये आलेल्या नेस्टोरियन ख्रिश्चनांची हकीकत कोरली आहे, खाली सीरियाक लिपी पण आहे. आठव्या शतकातलं हे शहर किती जगाचं होतं ते त्या एका दगडात कळतं. घाई असेल तर हे म्युझियम गाळलं तरी चालेल.

दुपारी थोडं झोपा (आम्ही झोपलो, लाज नाही), आणि उन्हं उतरली की बेल टॉवर, ड्रम टॉवर. ड्रम टॉवर १३८० चा, बेल टॉवर १३८४ चा, पहाटे घंटा आणि संध्याकाळी नगारा अशी जुनी पद्धत. आत तिकीट काढून जायची गरज मला तरी वाटली नाही, बाहेरून दिव्यांत जास्त छान दिसतात. ड्रम टॉवरच्या मागून मुस्लिम मोहल्ला सुरू होतो, ह्वे लोकांचा. सिल्क रूटवरून आलेल्या व्यापाऱ्यांचे वंशज, शेकडो वर्षं इथेच. मुख्य रस्ता म्हणजे गणपतीतला लक्ष्मी रोड समजा, धक्के, धूर, मटणाच्या सळ्या, डाळिंबाचा रस. एकदा चालून घ्या, मग डावीकडे आतल्या गल्ल्यांत शिरा किंवा पश्चिमेला साजिनछ्याव नावाच्या रस्त्याला जा, तिथे गावातले लोक खातात आणि भाव पण कमी.

याच मोहल्ल्यात एका बोळात मोठी मशीद आहे, ती चुकवू नका. परंपरेने सन ७४२ ची म्हणतात, आत्ताचं बांधकाम बरंचसं मिंग काळातलं. घुमट नाही, नेहमीसारखा मिनार नाही, सगळं चिनी देवळासारखं, कौलारू छपरं, एकामागे एक चौक, मधे एक अष्टकोनी मनोरा तोच मिनार. बाहेर एवढी गर्दी आणि आत पाखरांचा आवाज. मुख्य प्रार्थनागृहात मुस्लिमेतरांना जाता येत नाही, दारातून बघा, कपडे नीट घाला.

खाण्याचं काय, विशेषतः शाकाहारी असाल तर

मांसाहारी असाल तर तुमची चैन आहे. रौज्यामो म्हणजे जाड भाजलेल्या पावात बारीक कापलेलं मांस, मोहल्ल्यात बीफ किंवा मटण, मोहल्ल्याबाहेर बहुतेक ठिकाणी डुक्कर, तेव्हा ज्याला जे चालत नाही त्याने विचारून घ्या. यांगरौ पावमो तर खाच, त्यात तुम्हाला आधी एक रिकामा वाडगा आणि कडक भाकरीसारखा पाव देतात, तो आपण बसून सोयाबीनच्या दाण्याएवढा बारीक तोडायचा, मग वाडगा परत आत जातो आणि मटणाचा रस्सा ओतून येतो. पांढऱ्या रश्शात भाकरी कुस्करून खाणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. नवऱ्याने दोन मिनिटांत मोठे मोठे तुकडे करून वाडगा दिला तर वेट्रेसने बघितलं आणि परत आणून त्याच्यासमोर ठेवला, अजून बारीक कर म्हणून.

शाकाहाऱ्यांनी घाबरू नये पण सावध राहावं. ल्यांगपी हा पदार्थ तुमचा तारणहार, थंड सपाट नूडल्स, काकडी, मोड आलेले मूग, व्हिनेगर आणि लाल तेल, वर गव्हाच्या ग्लूटेनचे स्पंजसारखे तुकडे. दुसरं यौपो म्येन, म्हणजे पट्ट्यासारख्या रुंद नूडल्सवर मिरचीपूड, लसूण ठेवून वरून कडकडीत तेल ओततात, चर्रर्र आवाज येतो, सासूबाई म्हणाल्या अगं ही तर फोडणीच. ते प्रसिद्ध ब्यांगब्यांग नूडल्स हेच रुंदवाले, ज्यांच्या नावाचं अक्षर लिहायला पन्नासच्या वर रेघा लागतात आणि साध्या कीबोर्डवर सापडत नाही. टोमॅटो-अंड्याबरोबर पण मिळतात. छाय-ज्या-मो म्हणजे त्याच पावात भाज्या. गोडात सकाळी गाड्यांवर चिकट भात आणि खजुरासारख्या लाल बोरांचा वाफवलेला झंगगाव, आणि पर्सिमन नावाच्या केशरी फळाच्या तळलेल्या वड्या.

एक गंमत, त्यांच्या तिखटात जीभ बधिर करणारा जो मसाला असतो ना, तो आपल्या कोकणातल्या तिरफळाचा सख्खा चुलतभाऊ. मालवणी घरातल्या माणसाला पहिल्या घासाला ओळख पटते.

"मी शाकाहारी" हे तोंडी म्हणून भागत नाही, कारण शाकाहारी म्हटलं तरी हाडांचा रस्सा किंवा खिम्याचा चमचा "चवीपुरता" येऊ शकतो. चिनी अक्षरात एक कार्ड करून फोनवर ठेवा: मांस नाही, मासे नाहीत, कोळंबी नाही, मांसाचं सूप नाही, लार्ड (डुकराची चरबी) नाही, अंडं चालतं की नाही ते पण. ते दाखवलं की लोक खरंच मदत करतात, एका काकूंनी तर कढई धुऊन घेतली. बौद्ध देवळांजवळ शाकाहारी जेवणघरं असतात, तिथे निर्धास्त. गुरुवारचा उपास असेल तर घरून राजगिऱ्याचे लाडू न्या, रताळी मात्र रस्त्यावर भाजलेली मिळतात. पाणी सगळीकडे गरम देतात, मे महिन्यात पण. थर्मास न्या, दूध पावडर आणि चहा पावडर न्या, दुधाचा चहा शोधत फिरू नका.

दुसरा दिवस: मातीचं सैन्य

अख्खा दिवस द्या. शहरापासून पूर्वेला ३५-४० किलोमीटर, लिंथोंग भागात. तिकीट आधी ऑनलाइन काढा, पासपोर्ट नंबर टाकून, सुमारे १२० युआन, ट्रिप डॉट कॉमसारख्या ॲपवर इंग्रजीतून होतं. पासपोर्ट घरी, म्हणजे हॉटेलच्या लॉकरमध्ये, विसरू नका, फोटोकॉपी चालत नाही. जायला मेट्रो लाइन ९ ने ह्वाचिंगछ्र स्टेशन आणि तिथून बस किंवा टॅक्सी, किंवा माणसं तीन-चार असतील तर सरळ दीदी. जुन्या रेल्वे स्टेशनबाहेर "टेराकोटा टेराकोटा" ओरडत अंगावर येणाऱ्या लोकांबरोबर जाऊ नका, वाटेत जेड आणि रजयांच्या दुकानांत फिरवतात, कधी नकली सैनिकांच्या "म्युझियम"मध्ये पण सोडतात. नकाशा स्वतः चालू ठेवा.

गोष्ट थोडक्यात अशी. चिन शी ह्वांग, इसवी सनपूर्व २२१ मध्ये सगळी राज्यं जिंकून चीन एक करणारा पहिला सम्राट, इसवी सनपूर्व २१० मध्ये वारला. त्याच्या थडग्याच्या राखणीला हे सैन्य पुरलेलं. मार्च १९७४ मध्ये दुष्काळात शेतकरी विहीर खणत होते, पाण्याऐवजी मातीचं डोकं लागलं. अंदाजे आठ हजार पुतळे असावेत असं म्हणतात, बरेचसे अजून जमिनीखालीच आहेत आणि मुद्दाम ठेवलेत, कारण बाहेर काढल्यावर अंगावरचा रंग काही मिनिटांत सुकून गळतो. हो, ते रंगीत होते, गुलाबी चेहरे, हिरवे-जांभळे कपडे. आणि खुद्द सम्राटाचं थडगं आजही उघडलेलं नाही. जुन्या इतिहासकाराने आत पाऱ्याच्या नद्या वाहतात असं लिहून ठेवलंय आणि तिथल्या मातीत खरंच पारा जास्त सापडलाय.

तीन खड्डे आहेत. सगळे लोक धावत पहिल्या खड्ड्यात जातात. तुम्ही उलटं करा, आधी तिसरा (छोटा, सेनापतींचा), मग दुसरा, मग पहिला. कारण पहिला २३० मीटर लांब आहे, तो आधी बघितलात की बाकीचे दोन बघताना जांभई येते. पहिल्यात समोरच्या कठड्याला एकामागे एक पाच रांगांची माणसांची भिंत असते, तिथे भांडत बसू नका, कडेकडेने मागे चालत जा, मागच्या टोकाला जुळवाजुळव चाललेले सैनिक उभे असतात, कुणाला डोकं नाही, कुणाच्या हातावर चिठ्ठी, आणि तिथे गर्दी निम्मी. मला सगळ्यात जास्त तिथेच भरून आलं. सुरुवातीला रांगा बघून "वा" होतं, पण एकेका तुकड्याला नंबर देऊन माणूस जोडत बसलेली माणसं बघितली की कळतं हे किती वर्षांचं काम आहे. दुसऱ्या खड्ड्यात काचेत गुडघ्यावर बसलेला धनुर्धारी बघा, त्याच्या बुटाच्या तळव्यावरचे टाके पण कोरलेत, आणि प्रत्येकाची केशरचना वेगळी.

१९८० साली सापडलेले कांस्याचे दोन रथ आता वेगळ्या इमारतीत, सम्राटाच्या टेकडीच्या बाजूला ठेवलेत, तिथे याच तिकिटावर शटल बसने जाता येतं. लोक थकून हे सोडतात. सोडू नका. निम्म्या आकाराचे रथ आहेत पण घोड्यांच्या लगामाची कडी न् कडी धातूत ओतलेली.

परतताना ह्वाचिंग महाल वाटेत लागतो, गरम पाण्याचे झरे, थांग सम्राट आणि त्याची लाडकी यांग ग्वेफेय यांच्या गोष्टी, आणि १२ डिसेंबर १९३६ ला चीनचा तेव्हाचा नेता च्यांग कै-शेक याला त्याच्याच सेनापतींनी इथे पकडलं ती जागा. आमचे पाय संपले होते, आम्ही बाहेरूनच नमस्कार केला.

तिसरा दिवस: ज्याने आपल्याबद्दल लिहिलं त्याचं घर

सकाळी शान्शी इतिहास म्युझियम. प्रवेश फुकट आहे आणि तेच दुखणं आहे, फुकट म्हणजे बुकिंग उघडल्या उघडल्या संपतं. काही दिवस आधीपासून रोज बघत राहा, नाही मिळालं तर आतल्या पैसेवाल्या खास दालनांचं तिकीट मिळतं का बघा. सोमवारी बंद. आम्ही दोन्ही चुका केल्या, पहिल्यांदा सोमवारी गेलो आणि दुसऱ्यांदा बुकिंगशिवाय, गार्डने फार प्रेमाने परत पाठवलं. पण त्यामुळे आम्ही जवळच लहान रानहंस पॅगोडाला गेलो, आवारातच शिआन म्युझियम आहे, जुनी झाडं, शांतता, आजोबा लोक पक्ष्यांचे पिंजरे घेऊन बसलेले, आणि खरं सांगू, मला ती सकाळ जास्त आवडली.

दुपारनंतर मोठा रानहंस पॅगोडा, मेट्रोचं स्टेशन दायानथा. आणि इथे आल्यावर मराठी माणसाने दोन मिनिटं जास्त थांबायचं. शाळेच्या इतिहासात युआन श्वांग किंवा ह्युएन त्संग म्हणून जो चिनी प्रवासी वाचला तो हाच, हे त्याचं मंदिर. याच छांगआनहून तो चोरून, परवानगी नसताना, भारतात निघाला, नालंदात शिकला, देशभर फिरला, आणि ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घोड्यांवर लादून परत आला. ते ठेवायला ६५२ मध्ये हा मनोरा बांधला. आता सात मजले, ६४ मीटर उंच, जरासा कललेला. दक्षिणेच्या चौकात त्याचा मोठा पुतळा आहे, हातात काठी.

६४१ च्या सुमारास तो महाराष्ट्रात आला होता, पुलकेशी दुसरा राज्य करत होता तेव्हा. "मो-हो-ला-छा" असं लिहिलंय त्याने. लोक साधे, सरळ, मानी, उपकार करणाऱ्याला न विसरणारे आणि अपमान करणाऱ्याला न सोडणारे, आणि सूड घ्यायचा तर आधी सांगून घेणारे. लढाई हरून आलेल्या सरदाराला शिक्षा नाही, फक्त बायकांचे कपडे देतात. हत्तींना दारू पाजून रणात सोडतात. उत्तरेच्या हर्षाला हे लोक जुमानत नाहीत. डोंगरात कोरलेल्या एका विहाराचं वर्णन पण आहे, ते अजिंठ्याचं असं मानतात. हे सगळं नवऱ्याने पुतळ्याखाली उभं राहून वाचून दाखवलं तर सासूबाई म्हणाल्या, "आधी सांगून सूड घेणारे म्हणजे तुझे काका." तुम्ही पण हा उतारा फोनमध्ये ठेवून न्या, नाहीतर तो नुसता एक विटांचा मनोरा आहे.

वर चढायला वेगळं तिकीट, लाकडी जिने अरुंद, वरून फार काही दिसत नाही. गुडघे जपा, खाली आवारातच बसा.

अंधार पडल्यावर पॅगोडाच्या दक्षिणेला थांग काळाची नक्कल केलेला झगमगाटी चालायचा रस्ता आहे, तिथे अर्ध्या मुली थांग काळातल्या वेषात असतात, केसात फुलं, कपाळावर लाल नक्षी, पाठीमागे फोटोवाला. ड्रेस आणि मेकअप भाड्याने मिळतो, तास-दीड तास जातो. नकली आहे सगळं, पण मजा आहे, मी घातला. गर्दीत एकमेकांना भेटायची जागा आधी ठरवा.

एक दिवस कमी असेल किंवा जास्त असेल

दोनच दिवस असतील तर सैन्य एक दिवस आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तट, दुपारी पॅगोडा, रात्री मोहल्ला. म्युझियमं गेली. चौथा दिवस असेल तर लोक ह्वाशान डोंगर सांगतात, ट्रेनने होतो पण पहिल्या ट्रिपला तो घुसवू नका, जाऊन येऊन माणूस पिळून निघतो. त्यापेक्षा शहराच्या दक्षिणेला शिंगज्याव मंदिर आहे, युआन श्वांगच्या अस्थी तिथे आहेत, शांत जागा. आणि सोलापूरकर असाल तर उत्तरेला यानान याच प्रांतात, ट्रेनने जाता येतं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस युद्धातल्या जखमींवर उपचार करायला १९३८ मध्ये चीनला आले आणि १९३९ मध्ये यानानला पोचले. त्यांचं समाधिस्थळ मात्र तिथे नाही, ते दुसऱ्या प्रांतात शिज्याच्वांगला आहे, त्याची ट्रिप वेगळी करावी लागेल.

किरकोळ: टिश्यूची पाकिटं न्या, सार्वजनिक संडासात कागद नसतो, बैठक भारतीयच असते त्यामुळे आपल्याला नवल नाही. मेट्रोत शिरताना दर वेळी बॅग मशीनमधून जाते. युनिव्हर्सल ॲडॅप्टर हवा, आपला तीन पिनांचा प्लग बसत नाही. म्हातारी माणसं बरोबर असतील तर लोक उठून जागा देतात, सासूबाईंबरोबर तर अनोळखी आज्या फोटो काढून घेत होत्या, साडी बघून. साडी न्याच एक.

आणायचं काय म्हणाल तर छोटे मातीचे सैनिक मोहल्ल्यात घ्या, म्युझियमच्या दारात नाही, आणि सांगितलेल्या भावाच्या निम्म्याच्या खाली सुरू करा. सासूबाईंनी वाळवलेल्या पर्सिमनची दोन पाकिटं आणली, पांढरी पिठी आलेली, आणि अजून शेजाऱ्यांना हा खारकेचाच प्रकार आहे असं सांगून वाटतायत.